मी मागून चालते

मित्रांनो, मी एक जुनी धामणीची काठी आहे. माझ्या मालकाच्या अस्थींबरोबर मलाही शहागडला गोदावरीत सोडून द्यायचं ठरलं होतं. मी गेले नाही. माझ्यावर एक आळ आला होता आणि तो मी आजही मान्य करत नाही. म्हणून माझी गोष्ट मीच सांगते.

१९८१ साली भोकरदनच्या वरच्या डोंगरात भुजंग नावाच्या मेंढपाळानं मला तोडलं. धामणीचं लाकूड लवतं, पण सहज मोडत नाही. त्यानं मला धगीवर शेकून सरळ केलं, साल सोलली, करडईचं तेल पाजलं आणि बुडाला लोखंडी टोपण ठोकलं. मग आपल्या मुलाच्या, इंद्रभानच्या हातात देऊन म्हणाला, “ही मारायला न्हाई. मोजायला हाये.”

त्यांचं गाव वडीगोद्री. दिवाळी झाली की मेंढ्या घेऊन ते उत्तरेच्या डोंगराकडं निघत. तुम्हाला वाटत असेल, मेंढपाळ कळपाच्या पुढं चालतो. तसं नसतं. तो मागं चालतो. लंगडणारी, दमलेली, गाभण मेंढी मागंच राहते, आणि लांडगाही मागूनच येतो. संध्याकाळी मेंढ्यांभोवती जाळं लावायचं, त्याला वाघर म्हणतात. वाघरीच्या तोंडाशी इंद्रभान मला आडवी धरायचा. एकेक मेंढी माझ्याखालून आत जायची आणि तो मोठ्यानं मोजायचा. मोजणी जुळल्याशिवाय तो पाणीसुद्धा पीत नसे.

पुढं आमच्याकडं कालव्याचं पाणी खेळलं, जिकडं तिकडं ऊस उभा राहिला आणि चराईला जागा उरली नाही. १९८६ मध्ये शेवटची मेंढी विकली. मला दारामागं उभं केलं. त्यानंतर तीन वर्षं मी चिंचा पाडल्या आणि कुत्री हाकलली. त्या वर्षांबद्दल मला जास्त बोलायचं नाही.

मग औरंगाबादच्या डोंगर चढणाऱ्या मंडळींनी इंद्रभानला हिमालयात नेलं, स्वयंपाकाचं सामान वाहायला. त्यानं मलाही घेतलं. स्टेशनावर सगळे हसले. पण वर, बारा हजार फुटांवरच्या गवतात, तिथले मेंढपाळ आमच्याजवळ आले. त्यांनी मला हातात घेतलं, गुडघ्यावर वाकवून पाहिलं आणि मान डोलावली. त्यांची भाषा इंद्रभानला येत नव्हती. तरी तो त्या दिवशी खूश होता. हा आपलाच धंदा आहे, फक्त उंचीवरचा, हे त्याला कळलं होतं.

चार उन्हाळे तो त्या मंडळींबरोबर गेला. वाट शिकला, ढग ओळखायला शिकला, विरळ हवेत माणूस कसा बिघडतो ते शिकला. आणि १९९३ मध्ये वडीगोद्रीच्या हायवेला त्यानं स्वतःचा पत्र्याचा बोर्ड लावला: “वर बर्फ, खाली वाघ. भेटा – इंद्रभान.”

त्याची हिमालयातली सहल अशी: सात दिवस पायी चढ-उतार, मध्ये चौदा हजार फुटांवरची खिंड, आणि नंतर पायथ्याच्या जंगलात दोन दिवस जीपमधून फेरी. रब्बी घरात आली की निघायचं आणि मृगाच्या आधी परत. सोबत कोण? शेतकरी, निवृत्त मास्तर, मोंढ्यातले व्यापारी. बर्फ फक्त गोळेवाल्याकडं पाहिलेली माणसं.

पुढं एक पहाडी वाटाड्या चालायचा. सगळ्यांच्या मागं इंद्रभान आणि मी. शेवटचा माणूस ज्या चालीनं चालेल, ती सगळ्यांची चाल. परतूरच्या मोंढ्यातल्या काकासाहेबांना हे पहिल्याच दिवशी खटकलं.

“काय रे इंद्रभान, बोर्ड तुझा अन् तूच सगळ्यायच्या मागं? आम्हाला मेंढरं समजून राह्यला काय?”

“मेंढरं बरी, काका,” इंद्रभान म्हणाला. “ते चढावर बोलत न्हाईत.”

काकासाहेबांसह सगळे हसले, आणि हसता हसता सगळ्यांना धाप लागली. त्यानंतर काकासाहेब दर वर्षी येत राहिले.

एका वर्षी तीर्थपुरीच्या आसराबाई आल्या. साठीच्या, नऊवारी नेसलेल्या, पायांत नातवाचे बूट. त्या वर्षी आम्ही सगळे आसराबाईंच्या चालीनं चाललो. खिंडीत पोचल्यावर त्यांनी बर्फ मुठीत घेतला, जिभेला लावला आणि म्हणाल्या, “हे तं आपल्या गारपिटीवानीच हाये. एवढ्यासाठी आणलं व्हय रे?” एवढं बोलून त्या खाली बसल्या, आणि तासभर कुणी हाक मारली तरी उठल्या नाहीत.

जंगलात मात्र मला प्रवेश नव्हता. नाक्यावरचा शिपाई म्हणायचा, “ये लाठी अंदर नहीं जाएगी.” जीप धुरळा उडवत आत जायची आणि मी भिंतीला टेकून उभी. दहा वर्षांत मी वाघ पाहिला नाही, आणि त्याचं मला काडीचं दुःख नाही. वाघ कसा असतो ते मला आसराबाईंनी सांगितलं. जीपमधून उतरता उतरता त्या म्हणाल्या, “आपल्या खोंडाएवढा बी न्हाई. पण चालतो कसा, पहिल्या दिवाळीला आलेल्या जावयावानी!”

एका सकाळी मात्र जंगलच आमच्याकडं आलं. विश्रामगृहापासून नाक्यापर्यंत सगळे पायी चालले होते. अचानक डाव्या हाताच्या गवतातून हत्तीण निघाली, सोबत पिल्लू. मागची चार माणसं पळायला वळली. इंद्रभाननं मला दोन्ही हातांनी आडवी धरून त्यांना अडवलं. “पळायचं न्हाई,” तो हळूच म्हणाला. “कळप पळाला की गेला. माझ्याकडं बघा. एकेक पाऊल मागं.” हत्तिणीनं कान पसरले, सोंडेनं धूळ उडवली आणि पिल्लाला पुढं घालून ती रस्ता ओलांडून गेली. अडवताना माझा मधला भाग कुणाच्या तरी छातीत बसला होता. दोन दिवस त्या गृहस्थांची छाती दुखत होती. त्यांनी एकदाही तक्रार केली नाही.

आणि दर संध्याकाळी मोजणी. तंबूंच्या वाटेवर इंद्रभान मला आडवी धरायचा, एकेक जण वाकून माझ्याखालून आत जायचा. वाकताना तो प्रत्येकाच्या डोळ्यांत बघायचा. “डोकं दुखतं का? जेवण जातं का? सरळ रेषेत चालून दाखवा.” ज्याचं डोकं दुखे, त्याच्यासाठी सगळे एक दिवस थांबत. दुखणं थांबलं नाही, तर त्याला खाली उतरवत. या मोजणीत एक चूक होती. ती मेंढपाळाचीच चूक होती. वाघरीच्या तोंडाशी उभा राहणारा कळप मोजतो, स्वतःला मोजत नाही.

इंद्रभानची मुलगी बेबीनंदा. परतूरला शाळेत शिकवायची. तो परत आला की ती त्याला सगळं विचारायची आणि शाळेच्या नकाशावर पेन्सिलीनं वाट काढायची. “मला कधी नेता, आबा?” तो म्हणायचा, “पुढच्या साली.” असं तो दहा वर्षं म्हणाला.

२००३ मध्ये आमच्याबरोबर एकोणीस माणसं होती. खिंडीच्या दिवशी सकाळपासून इंद्रभान माझ्यावर नेहमीपेक्षा जास्त भार टाकत होता. ते फक्त मला कळत होतं. उतरताना तो दोनदा बसला. पुढचे लोक पुढं गेले. माणसं पुढच्याकडं बघून चालतात, आणि मागं इंद्रभान आहे म्हटल्यावर मागं बघायची गरज कुणाला वाटणार?

पुढचं मी नंतर काकासाहेबांकडून ऐकलं. खाली तळावर चहा झाला. सगळे मोजणीसाठी वाट बघत राहिले. “आज मोजणी न्हाई काय?” काकासाहेबांनी विचारलं. विचारता विचारताच ते वरच्या वाटेकडं बघायला उठले. मोजणाराच आला नव्हता.

वाटाड्या आणि काकासाहेब धावत वर आले. इंद्रभान एका दगडाला टेकून बसला होता. श्वास चालू होता. त्याचा हात माझ्यावर होता. त्यांनी त्याला पाठीवर घेऊन पाळीपाळीनं उतरवलं. रस्ता दिसायच्या आधी तो गेला. तिथल्याच नदीकाठी त्याला अग्नी दिला. अस्थी आणि मी, दोघी काकासाहेबांबरोबर परत आलो.

शहागडला नदीच्या पायऱ्यांवर सगळे नातेवाईक जमले. इंद्रभानचे थोरले भाऊ त्रिंबक म्हणाले, “काठी बी सोडा. हिच्यापायीच त्यो मागं राह्यला. पुढं असता तं आज जिता असता.”

हाच तो आळ. मला तोंड असतं, तर मी तिथंच बोलले असते. बोलली बेबीनंदा. तिनं मला दोन्ही हातांनी धरलं होतं.

“मोठे बाबा, आबा पुढं असते तं दहा सालांत मागचं कोण कोण गेलं असतं, त्याचा हिशोब करा.”

“बेबे, तोंड वर करून बोलू नको. सोड ती.”

“न्हाई सोडणार.”

“घरात इवळत बसंल तुझी माय हिला बघून!”

तेव्हा चतुराबाई, इंद्रभानची बायको, पहिल्यांदा बोलली. “म्या न्हाई इवळत, भावजी. राहू द्या तिला. त्या पाण्यात काय कमी लाकडं हायेत?”

अशी मी परतूरला आले. बेबीनंदाच्या घरात भिंतीभर पुस्तकं होती. तिनं आणखी आणली. विरळ हवेत माणसाचं काय होतं, ते ती सगळा हिवाळा वाचत होती. डॉक्टरांना विचारून आली. एका संध्याकाळी तिनं पुस्तकातल्या एका ओळीखाली पेन्सिलीनं रेघ ओढली. त्यात लिहिलं होतं की उंचीवरचा हा त्रास ज्याला होतो, त्याला बहुतेक वेळा तो स्वतःला कळत नाही. दुसऱ्यानंच बघावं लागतं.

पुढच्या उन्हाळ्यात दोन खेपा करून ती त्या पहाडी वाटाड्याबरोबर खालच्या वाटा शिकली. दोन्ही वेळा खिंडीच्या खालून परतली. खिंड पहिल्यांदा बघायची ती आबांसारखं माणसं घेऊनच, असं तिनं मनाशी धरलं होतं. २००५ मध्ये तिनं बोर्ड नव्यानं रंगवला. त्रिंबक म्हणाले, “बाईच्या भरवशावर कोण मरायला जाईल?” अकरा जण आले. त्यांत काकासाहेब होते. ते म्हणाले, “बेबी, मागं मी चालतो. त्या दिवशी म्या मागं बघितलं न्हाई.”

“मागं मीच चालणार, काका. तुम्ही फक्त बघा.”

खिंडीखालच्या तळावर तिनं मला आडवी धरली. अकरा जण वाकून आत गेले. मग तिनं मला काकासाहेबांच्या हातात दिलं आणि स्वतः वाकली.

“बारा,” काकासाहेब म्हणाले. आणि त्यांनी तिच्या डोळ्यांत बघितलं. “डोकं दुखतं का?”

तिनं वर खिंडीकडं बघितलं. खिंड फक्त दोन तासांवर होती. त्या खिंडीच्या पलीकडच्या उतारावर तिचा बाप बसला होता, ती जागा तिला बघायची होती. त्यासाठी ती दोन वर्षं थांबली होती, हे तिथं प्रत्येकाला माहीत होतं.

“बेबी, विचारून राह्यलो.”

“दुखतंय,” ती म्हणाली. “सकाळपासून.”

“मंग उद्या थांबायचं.”

“उद्या वारा फिरणार हाये, काका. थांबलो तं खिंड हुकंल.”

“हुकू दे.”

“तुम्ही जा. मी थांबते.”

“असं कळप तोडून जायचं शिकवलं काय तुझ्या आबानं? गप बस आत.”

दुसऱ्या दिवशी सगळे थांबले. तिचं डोकं दुखायचं थांबलं, पण वारा फिरला आणि खिंड ढगांत गेली. तिसऱ्या दिवशी आम्ही परत फिरलो. जंगलात वाघही दिसला नाही. गावात आल्यावर त्रिंबक म्हणाले, “ना बर्फ, ना वाघ. मंग आणलं काय?”

“बारा माणसं,” बेबीनंदा म्हणाली आणि बूट धुवायला गेली.

मित्रांनो, त्याला आता तीन वर्षं झाली. मागच्या महिन्यात गावातल्या शाळेतून निरोप आला. इंद्रभानची आठवण म्हणून मला काचेच्या कपाटात ठेवायचं आहे. बेबीनंदानं नाही म्हणून कळवलं. मीही नाहीच म्हणते; मी अजून दर उन्हाळ्यात तिच्याबरोबर चालते. माझं टोपण दोनदा बदललं आहे, आणि मी मुळापेक्षा चार बोटं आखूड झाले आहे. वाटेत झिजण्याची मला लाज वाटत नाही.

आणि मागं चालणं चूक होतं, हे मी कधीच कबूल करणार नाही. इंद्रभाननं दहा वर्षांत जितकी माणसं वर नेली, तितकी खाली आणली. त्याला बघायला मात्र कुणी नव्हतं.

तुमच्या घरातही असं एक माणूस असेल. सगळ्यांचं जेवण झाल्यावर जेवणारं, सगळे आत आल्यावर दार लावणारं. आज त्याच्याकडं नीट बघा. कसं वाटतंय, ते विचारा. “काही नाही” असं उत्तर येईल. तेवढ्यावर जाऊ नका. पुन्हा विचारा.