माहीनची मंजुरी

वलीने फोन इतका जवळ धरला की चष्म्याची काच फोनच्या काचेला लागायचीच बाकी राहिली. मजकूर तरीही बदलला नाही. ‘हे ॲप अनोळखी ठिकाणाहून आले आहे. तुमच्या फोनला धोका होऊ शकतो.’ खाली पिन टाकायला चार रिकामी वर्तुळं, आणि त्यांच्याखाली बारीक अक्षरांत, ‘माहीनकडून मंजुरी मागा.’

त्याने मंजुरी मागितली. सकाळपासून तिसऱ्यांदा.

“किती वाजले?”

“अकरा दहा,” निकेत म्हणाला. त्याने कबरस्तानाच्या भिंतीवर आपला ड्रोन पंख उघडून ठेवला होता आणि स्वतः शेजारी उकिडवा बसला होता. “पाणी बघा ओ चाचा, कुठवर आलाय.”

पाणी बघायला वलीला सांगावं लागत नव्हतं. अमावास्येला बारा-सव्वाबाराची भरती, हे या किनाऱ्यावर पोराटोरांनाही ठाऊक असतं. त्यात आज मोठं उधाण होतं. सुरूच्या उरल्यासुरल्या चार झाडांची मुळं आत्ताच भिजली होती. तासाभरात लाट भिंतीच्या खिंडारातून आत शिरून कबरींच्या पहिल्या रांगेला शिवणार होती. त्या रांगेत डावीकडून तिसरी कबर त्याच्या बायकोची, फिरोजाची. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. कबरीवर लावलेला सब्जा गेल्या उधाणाच्या खाऱ्या पाण्याने जळून गेला होता, आणि वलीने तो अजून उपटला नव्हता.

समुद्राच्या बाजूने बंधारा घालायचं सरकारात ठरलं होतं. पाहणीला साहेब आले ते नेमके ओहोटीला. त्यांनी वाळूवर टेप धरला आणि अहवालात लिहिलं, की पाणी कबरस्तानापासून ऐंशी फुटांवर आहे. ओहोटीला असतंच. जमातीच्या वतीने वलीने दोनदा अर्ज केला, सोबत भरतीचे फोटो जोडले. उत्तर आलं, की जमिनीवरून काढलेल्या फोटोंवरून अंतराचा अंदाज येत नाही, वरून केलेलं चित्रण सादर करावं. बंधाऱ्याच्या कामाची यादी सोमवारी वर जाणार होती. तीत कबरस्तानाचं नाव नसलं, तर बंधारा जेट्टीकडून येऊन नारळाच्या वाडीपाशीच थांबणार होता आणि पुढच्या पावसाळ्यात पहिली रांग दर्यात जाणार होती. आजची भरती चुकली की पुढचं उधाण पंधरा दिवसांनी.

म्हणून निकेतला बोलावलं होतं. शेजारच्या गावातला हा मुलगा लग्नांचे व्हिडिओ करी. त्याच्या ड्रोनची रीतसर नोंदणी होती, पोलिसांनाही कळवून झालं होतं. सगळं जुळून आलं होतं, आणि काल दिवेआगरच्या एका हळदीत नाचणाऱ्यांनी त्याला उचलून पाण्याच्या पिंपात घातलं. तो वाळला, त्याचा फोन वाळला नाही. ड्रोन चालवायचं ॲप दुसऱ्या कुणाच्या फोनमध्ये टाकणं भाग होतं. सकाळपासून गावातले तीन फोन बघून झाले, तिन्ही जुने. हाताशी असलेल्यांत नवा आणि ताकदीचा फोन एकट्या वलीकडे होता. त्याच्या मुलाने, हुझैफाने, तो दोह्याहून पाठवला होता.

ॲप प्ले स्टोअरवर नव्हतं. ड्रोनची कंपनी ते आपल्याच वेबसाइटवर ठेवत होती.

“आमच्या ड्रोनवाल्यांच्या ग्रुपवर विपुलनं टाकलीय ना फाइल,” निकेत सकाळी म्हणाला होता. “व्हॉट्सॲपवरून पाठवतो, दोन मिन्टांत काम.”

“व्हॉट्सॲपवरची नको.”

“विपुल आपलाच हाय ओ.”

“कार्डवालापण आपलाच होता.”

मग वलीने एका बोटाने कंपनीचं नाव टाइप केलं, एकेक अक्षर ड्रोनच्या खोक्यावरच्या अक्षराशी ताडून पाहिलं, आणि कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरून फाइल उतरवायला घेतली. नेटवर्कची एक काडी येत होती, जात होती. उतरायला पाऊण तास लागला. निकेत दर पाच मिनिटांनी उठून समुद्राकडे बघून येत होता.

कार्डाची गोष्ट गावात कुणाला सांगावी लागत नसे. दीड वर्षापूर्वी एका नातलगाच्या नंबरवरून वलीच्या फोनवर लग्नाचं कार्ड आलं. आलेली दावत न उघडणं म्हणजे उद्या चार माणसांत ऐकून घ्यायचं, ‘वलीभाईंनी आमचं कार्ड बघितलंसुद्धा नाही.’ त्याने उघडलं. फोनने विचारलं, इन्स्टॉल करू? दावतीला नाही कोण म्हणतं? तो हो म्हणत गेला. कार्ड नव्हतंच ते. संध्याकाळपर्यंत तेच कार्ड त्याच्या नावाने साडेचारशे लोकांना गेलं, आणि निम्म्यांनी ते उघडलं, कारण वलीची दावत तरी कोण नाकारणार? पुढे महिनाभर नमाजाहून परतताना कुणी ना कुणी हसून विचारी, “वलीभाई, लग्न कुणाचं? तुमचं?” फिरोजाच्या पश्चात घरात एका माणसाचा भात शिजवायला तो नुकताच शिकत होता. त्या थट्टेने त्याचा जीव अगदी नकोसा झाला.

मग त्याची मुलगी माहीन सानपाड्याहून आली. ती एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात होती. तिने फोन पार पुसून काढला आणि त्याला लहान मुलांच्या फोनला असतं तसलं कुलूप घातलं. नवीन काही टाकायचं तर तिची मंजुरी हवी. ती तिने तिकडून द्यायची, नाहीतर इकडे येऊन स्वतः पिन टाकायचा. “राग मानू नका अब्बा,” ती म्हणाली, आणि वलीने मानला नाही.

उलट त्यानंतर त्याच्या मागण्या वाढल्या. प्रत्येक मंजुरीआधी माहीनचा फोन येई. “कशाला हवंय?” त्याला जोडून, जेवलात का, प्रेशरची गोळी घेतली का, पंपवाला येऊन गेला का. वर्षभरात वलीने भरती-ओहोटीचं वेळापत्रक मागून घेतलं, हवामानाची दोन ॲपं घेतली आणि एक कॅरमचा खेळ. कॅरम त्याने एकदाही उघडला नव्हता.

आज मात्र फोन येत नव्हता. त्याने पुन्हा लावला. दोन रिंग होऊन कापला गेला आणि पाठोपाठ मेसेज आला, ‘मीटिंगमध्ये आहे. जेवणाच्या सुट्टीत करते.’

“तिची सुट्टी कधी असते?” निकेतने विचारलं.

“एकला.”

“एकला काय शूट करू? ओहोटी?”

वलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याला माहीनचा राग आला, फोनचा आला, टेप घेऊन आलेल्या साहेबांचा आला. पंधरा दिवसांनी येईन असं शांतपणे सांगणाऱ्या समुद्राचाही आला. दुबईच्या धक्क्यावर सव्वीस वर्षं त्याने क्रेन चालवली होती. माणसांच्या डोक्यांवरून वीस-वीस टनांचे कंटेनर नेले होते, एकाला ओरखडा आला नव्हता. आणि आता बायकोच्या कबरीचा फोटो काढायला त्याला मंजुरी लागत होती.

“दुसऱ्या कुणाचा फोन बघू?” निकेत म्हणाला. “हेमांगी मॅडमचा बराय, पण त्या शाळेत. जाऊन येईस्तोवर बारा वाजतील.”

तेवढ्यात एक लाट बाकीच्यांच्या पुढे आली. खिंडारातल्या दगडांवरून चढून तिने आत जीभ घातली, वाळलेला पाला उचलला आणि मागे गेली. कबरींपर्यंत अजून पाच-सहा हात उरले होते.

वलीने अंगठा सदऱ्याला पुसला आणि चार आकडे दाबले, मध्ये कुठेही न थांबता.

कुलूप उघडलं.

निकेत बघतच राहिला. “चाचा, तुम्हाला म्हाइत होता?”

“पुढचं सांग. काय दाबू?”

पुढे तर खरा छळ होता. ॲपने आधी फोन कुठे आहे ते विचारलं, ते दिलं. मग फोनमधले सगळे नंबर मागितले. “याला गावाचे नंबर कशाला?” म्हणत वलीने ते नाकारले, आणि नंबरांवाचून ॲपचं काही अडलं नाही. पण ड्रोन काही त्याला दिसेना. ‘विमान जोडलेले नाही,’ पडद्यावर येई. निकेतने ड्रोन बंद करून चालू केला. ॲप बंद करून चालू केलं. शेवटी फोनच बंद करून चालू केला, आणि तो चालू होईपर्यंत दोघं त्याच्या काळ्या पडद्याकडे बघत उभे राहिले. विमान जोडलेले नाही.

“ह्या ॲपचा काय भरवसाच न्हाय,” निकेत वैतागून म्हणाला. “काल माझ्या फोनवर चालत होता!”

वलीने रिमोटपासून फोनपर्यंत आलेली वायर दोन बोटांत धरली. “ही काल हीच होती?”

“ती पिंपात गेली. ही गाडीतली, चार्जिंगची.”

“मग हिच्यातून नुसती वीज जाणार. बाकी काही जात नाही.” असल्याच एका वायरीने हुझैफाने पाठवलेले फोटो उतरवताना त्याला चार दिवस चकवलं होतं. त्याने पिशवीतून स्वतःच्या फोनबरोबर आलेली वायर काढली. ती लावताच पडद्यावर हिरवा ठिपका आला. निकेतने कपाळावर हात मारून घेतला.

तरी ॲपचं समाधान होईना. ड्रोन हातात घेऊन स्वतःभोवती फिरा, असं त्याने सांगितलं. निकेत फिरला. पुन्हा फिरा. तो पुन्हा फिरला. तिसऱ्या फेरीला त्याने ॲपच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, मग आपण कबरस्तानात आहोत हे आठवून जीभ चावली.

बारा वाजून सात मिनिटांनी ड्रोन उडाला.

रिमोट निकेतच्या हातात होता. ऊन पडद्यावर येऊ नये म्हणून वलीने दोन्ही तळवे फोनच्या वर धरले होते. आधी भिंत दिसली, मग भिंतीत शिरलेलं पाणी, मग पहिली रांग. पाणी तिच्या कडेने फिरत होतं. निकेतने ड्रोन आणखी वर नेला, आणि वलीच्या तोंडून ‘या अल्ला’ निघालं. पन्नासएक फूट समुद्रात, हिरव्या पाण्याखाली, एक सरळ काळसर रेघ दिसत होती. ते जुन्या भिंतीचं जोतं होतं. त्याच्या लहानपणी कबरस्तान तिथपर्यंत होतं. तो दरवर्षी सांगत आला होता, आणि कागदावर ते कुणी घेतलं नव्हतं.

“जुन्या भिंतीपासून नव्या भिंतीपर्यंत सरळ आण,” तो म्हणाला. “हळू. न थांबता.”

ड्रोन निम्म्यावर आला आणि चित्र गेलं. पडद्यावर माहीनचं नाव थरथरू लागलं.

“कापा चाचा, कापा! पाण्यावर हाय तो!”

दीड वर्षात वलीने तिचा फोन एकदाही दुसऱ्या रिंगपर्यंत जाऊ दिला नव्हता. त्याने तो कापला. चित्र परत आलं. पुन्हा नाव आलं, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा कापताना त्याचं बोट घसरलं आणि निकेत ओरडला. मग पडद्यावर, कबरस्तानावरच्या आभाळात, तिचे मेसेज एकामागून एक सरकू लागले. ‘पिन कोणी टाकला?’ ‘अब्बा फोन उचला.’ ‘अब्बा तुम्ही ठीक आहात ना?’ वलीने ते वाचले आणि तळवे तसेच धरून ठेवले. जुनी भिंत, पाणी, नवी भिंत, खिंडार, पहिली रांग, डावीकडून तिसरी कबर, सगळं एका दमात आलं.

निकेतने ड्रोन हवेतच हातात झेलला. केलेलं चित्रण दोनदा चालवून पाहिलं, मग खाली बसून घटाघटा पाणी प्यायला.

वलीने फोन लावला. पहिली रिंग पुरी झाली नाही.

“अब्बा! कशालाही हात लावू नका, फोन आधी बंद करा. कोणीतरी पिन टाकलाय, मला अलर्ट आलाय, आत्ता बघितला, मी मीटिंग सोडून...”

“मी टाकला.”

“तुम्ही? तुम्हाला कोणी सांगितला?”

“कोणी कशाला सांगायला हवा? तू कुलूप घातलंस तेव्हा समोरच बसलो होतो. तुझी अम्मी गेली ती तारीख सोडून तू दुसरं काय टाकणार होतीस?”

पलीकडे कुठलंतरी दार बंद झालं. ऑफिसचा गलका थांबला.

“म्हणजे पहिल्या दिवसापासून माहीत होता?”

“हां.”

“मग ते हवामान? ते कॅरम?”

वलीने समुद्राकडे पाहिलं. पाणी उतरायला लागलं होतं. फिरोजाच्या कबरीच्या पायथ्याशी फेसाची एक वाकडी कड राहिली होती.

 माहीनने नाक ओढलं. “पाणी आत आलं?”

“अम्मीच्या पायथ्यापर्यंत. सगळं आलंय. जुनी भिंतसुद्धा.”

“मला पाठवा. अर्जासोबत आजच मेल करते.” तिचा आवाज पुन्हा बँकेतला झाला. “आणि अब्बा, पिन मी बदलणार आहे. आत्ताच.”

“बदल,” वली म्हणाला. त्याने सदऱ्याच्या कडेने फोनवरचं खारं पाणी पुसलं. “पण या खेपेला मला ओळखता येणार नाही, असा ठेव.”