गॅलरीतल्या बर्फातला आकडा

हेइमोने नवा फोन गॅलरीतल्या बर्फात उभा खोचला, चार्जरची वायर दाराच्या फटीतून आत घेतली आणि काचेला नाक लावून पडद्यावरचा वेगाचा आकडा चढताना बघत राहिला. बाहेर उणे वीस होतं. फोन तापला की मंदावतो आणि गार राहिला की भन्नाट पळतो, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. औलू शहरातल्या फोन कंपनीत चाचण्या करण्यात त्याची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. साहेब लोक पाहणीला यायचे त्या दिवशी ही चाचणीवाली मंडळी फोनांना वायरी लावून ते खिडकीबाहेर ठेवायची, आलेला आकडा फळ्यावर लिहायची आणि वर केक खायची. पुढे कंपनी बंद पडली. आता हेइमो एका शाळेची देखभाल बघायचा, पण खोड काही गेली नव्हती.

आकडा थांबला. यार्कोने नाताळात लेकीला दिलेल्या फोनच्या दुप्पट! हेइमोला भलतंच बरं वाटलं.

यार्को म्हणजे त्याच्या घटस्फोटित बायकोचा, मेरवीचा, आत्ताचा नवरा. शहरात बस चालवायचा. हेइमोची लेक लूमी लहानपणापासून यार्कोच्याच घरी वाढली. यार्कोने हेइमोचं कधी काही वाकडं केलं नव्हतं, आणि नेमकं तेच हेइमोला सलायचं. माणसाने चिडायला निमित्त तरी द्यावं की नाही!

रविवारी लूमीला अठरावं लागलं. मेरवीच्या स्वयंपाकघरात कॉफी आणि केक मांडला होता. हेइमोने तो नवा फोन लेकीला भेट दिला.

"दोन्ही फोन ठेव टेबलावर," हेइमो म्हणाला. "होऊनच जाऊ दे."

"बाबा, फोनांची शर्यत लावतोयस?" लूमी हसली.

"आकडा बघ नुसता. मेरवी, खिडकी उघड जरा."

"घर गोठवतोस का? कॉफी पी गुपचूप."

खिडकी न उघडताही नवा फोन जिंकला. हेइमोने यार्कोकडे पाहिलं.

"बाप रे!" यार्को मनापासून म्हणाला. "मी दिलेलं म्हणजे डबडंच निघालं की!" आणि त्याने हेइमोच्या बशीत केकचा मोठा तुकडा ठेवला. हरलेल्या माणसाने असं मोकळं हसू नये. हेइमोला तो केक गोड लागेना.

"छान आहे रे बाबा," लूमी म्हणाली. "पण जुन्याला काय झालंय?"

"आज हाच ने." हेइमोने तिचं सिम काढून नव्या फोनात घातलंसुद्धा. फोन उघडायचा आकडा म्हणून तिची जन्मतारीख त्यानेच टाकली होती. जेवणानंतर ती गोठलेल्या समुद्रावर स्की करायला जाणार होती. "परतलीस की दीपस्तंभाजवळच्या धक्क्यावर ये आणि मला लाव. आज न्यायला मी येतो."

"लूमी, आतल्या खिशात ठेव गं," यार्को म्हणाला. "थंडीत चार्जिंग एकदम—"

"फोनमधलं मला कळतं," हेइमोने त्याला तोडलं.

लूमीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, आणि बापाचं मन राखायला फोन बाहेरच्या खिशात घातला.

अंधारू लागलं तरी फोन आला नाही. वाऱ्याने बर्फाची भुकटी उडत होती आणि धक्क्यावरून समोरचं काहीच दिसत नव्हतं. हेइमोने लावून पाहिला. बंद. पुन्हा लावला. बंदच. तेव्हा त्याला ती वायर आठवली. आयुष्यभर त्याने फोन थंडीत पळवले ते वायर लावून. नुसत्या बॅटरीवर एकही नाही. थंडीत लूमीच्या जुन्या फोनची बॅटरी कशी उतरते ते यार्को रोज बघत होता.

यार्कोला विचारायचं? त्याने नंबर काढला आणि फोन खिशात टाकला. पुन्हा काढला, पुन्हा टाकला. मग पोरीच्या नावाने समुद्राकडे तोंड करून ओरडला. वाऱ्याने ते त्याच्याच तोंडावर परत आणून टाकलं. तेव्हा त्याने फोन लावला.

"उत्तरेचं वारं आहे ना? मग ती तिकडे येतच नाही," यार्को म्हणाला. "वाऱ्याला पाठ देऊन होड्यांच्या धक्क्यावर निघते. दर रविवारी तिथेच तर थांबतो मी. तू ये, मीही निघतो."

हेइमो पोचला तेव्हा यार्कोची गाडी समुद्राकडे तोंड करून उभी होती, दिवे पूर्ण लावलेले. त्या उजेडात शेवटी एक आकृती दिसू लागली. यार्कोने थर्मासचं झाकण उघडलं. ब्लूबेरीच्या गरम रसाची वाफ निघाली.

"बाबा, तू इथे कसा?" लूमीच्या पापण्यांवर बर्फ होता. "अरे, फोन अर्ध्या वाटेतच मेला. लावत होते तेवढ्यात गेला."

कुणाला? प्रश्न हेइमोच्या जिभेवर आला होता.

"आण इकडे," तो म्हणाला आणि फोन त्याने सदऱ्याच्या आत उघड्या छातीशी धरला. बर्फाचा चटका बसला, तरी काढला नाही.

लूमी रस पीत होती. यार्को तिच्या स्की आपल्या गाडीच्या टपावर बांधत म्हणाला, "तू जा बापाबरोबर. मी येतो मागून."

गाडीत बसता बसता हेइमोने बटण दाबलं, आणि छातीशी धरलेला फोन थरथरून सुरू झाला. उघडायचा आकडा त्याला पाठ होता. लूमीने शेवटी लावलेलं नाव यार्कोचं आहे की आपलं, ते कळायला क्षणभरच लागलं असतं.

त्याने फोन बाहेर काढला, पालथाच धरला आणि तसाच लेकीच्या हातात दिला.

"आतल्या खिशात ठेव," तो म्हणाला.

आरशात यार्कोच्या गाडीचे दिवे घरापर्यंत त्यांच्या मागे होते.