खरूजच्या कव्हरावरली जागा

जवळा बाजारात बारा वर्षं झाली, मी फ्लेक्स छापून राहिलो. म्हंजी बारा वर्षं मी लोकायची तोंडं बघून राहिलो. वाढदिवसाची तोंडं, निवडीची तोंडं, श्रद्धांजलीची तोंडं. मधी एक मोठं तोंड हात जोडून, आन त्याच्या खाली शुभेच्छुकायची रांग. एकाचा फोटू दुसऱ्याहून बोटभर ल्हान झाला की दुकानात येऊन माही गचांडी धरतात. मागं एकदा फ्लेक्सवर नवरीच्या मामाचा फोटू राहिला, तर जमलेली सोयरीक मोडली, आन नवरदेवाचा बाप शिव्या मला देऊन गेला. आता मी काय लग्न लावायला बसलो व्हतो का?

तर मी शिवहार. दुकान पोटासाठी चालवतो, आन उकिरडा रेकॉर्ड्स जिवासाठी. उकिरडा रेकॉर्ड्स म्हंजी मी एकटाच. दुकानाच्या मागच्या खोलीत एक टेबल हाय, त्याच्यावर कागद चिकटवलाय, झाली गान्याची कंपनी. आमी पंक काढतो. पंक म्हंजी काय, तर जेवढं येतं तेवढ्यात, कोनाच्या बापाला न भिता, जोरात वाजवायचं आन लौकर संपवायचं.

आमचा पहिला आन एकुलता एक बँड खरूज. शिरड शहापूरचा प्रभू गिटार बडवतो आन वरडतो. त्याची बहीण राधिका बेस गिटार वाजवते, हिंगोलीच्या कॉलेजात बी.एस्सी. करता करता. आन तांड्यावरला सुदाम ड्रमवर. 'सर्व्हर डाऊन' नावाचं त्यायचं गानं चाळीस सेकंदाचं हाय, आन त्यात 'सर्व्हर डाऊन हाय' याच्याशिवाय दुसरा शब्द न्हाई. पीकविमा भरायला जो मानूस रांगेत हुबा राहिला, त्याला ते गानं एका झटक्यात कळतं.

कॅसेट काढायची ठरली. तुमी म्हनाल, आता कॅसेट कोन ऐकतं? ऐकतात बाप्पा! पुण्यात, बंगळुरात, शिलाँगात, पार पोलंडात असे येडे बसलेले हायेत. पन्नासच कॅसेटी काढायच्या, परतेकीवर हातानं नंबर टाकायचा, संपल्या की संपल्या. पुण्याच्या एका पोरानं पन्नास कॅसेटी भरून धाडल्या बी. रविवारी शिरडला प्रकाशन, सोमवारी पोस्टात. फक्त कव्हर छापायचं राहिलं व्हतं.

ते कव्हर मी महिनाभर करून राहिलो व्हतो. सगळं काळं. मधी पांढऱ्यानं 'खरूज', तेबी असं काटेरी की वाचता येऊ नये. ना नाव, ना गाव, ना फोटू. मी तिघायला पहिल्याच दिवशी बजावलं, "बाकी काय बी करा, ह्याच्यावर एक बी तोंड येनार न्हाई." बारा वर्षांत ही एकच गोष्ट मी माह्या मनानं केली व्हती. बाकी सगळं दुसऱ्याच्या तोंडासाठी.

बुधवारी प्रभूनं नमुना घरी नेला. आन गुरुवारी सकाळी रामजीकाका दुकानात हजर.

रामजीकाका प्रभूचे चुलते. मेंढरंवाले. दोन वर्षांपासून बँड त्यायच्याच मेंढराच्या शेडमदी वाजवून राहिला. एवढा गलका, पन कधी चकार शब्द बोलले न्हाईत. खाटेवर बसून ऐकायचे. बँडचं नाव बी त्यायच्याच तोंडातून निघालं. पहिलं गानं ऐकून म्हनले व्हते, "मेंढराला खरूज झाल्यावर असंच व्हतं, एक घडी दम न्हाई."

आज धुतलेलं धोतर, नवा फेटा. खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात पासपोर्ट साईजचा फोटू.

"ह्यो घे. ताजा काढलाय."

"कशाला काका?"

"कव्हरावर टाकायला. प्रभूनं दाखवलं काल. सगळं काळंच हाय ना, मंग जागा तर लई हाय."

माहं डोकं फिरलं. म्हनलं आलं! इथं बी तोंड आलं! मी काकाला समजावून सांगितलं. हे पंक हाय. ह्याच्यात कोनाचा उदो उदो नसतो. मोठ्या मान्सायचे फोटू बघून बघून माहे डोळे किटले, म्हनून तर हे काढलं. मी लई तोंड चालवलं. काकानं सगळं ऐकून घेतलं.

मंग म्हनले, "व्हय, बराबर हाय तुहं. मोठ्या मान्सायचे फोटू नकोच. पन मी कुठं मोठा हाय रे?"

काकानं फोटू टेबलावर ठेवला.

"गावातल्या परतेक फ्लेक्सला मी वर्गणी देतो. दरसाली म्हनतात, काका, पुढच्या साली तुमचा फोटू नक्की. म्हातारा झालो ऐकता ऐकता. आजवर माहा एकच फोटू छापलाय, आधार कार्डावर. त्याच्यात मी चोरावानी दिसतो."

आता तुमीच सांगा. मी बारा वर्षं हजारो तोंडं छापली, आन दोन वर्षं मेंढरं उघड्यावर बांधून ज्यानं आमाला शेड दिलं, त्याचं तोंड मला जड झालं व्हतं. मला सोताचीच लाज वाटली. पन राग बी आला, कारन महिनाभराची मेहनत डोळ्यादेखत चालली व्हती.

मी तिरमिरीतच फोटू स्कॅन केला. काटेरी 'खरूज'च्या खाली, त्या काळ्याभोरात, बरोब्बर मधी काकाचं तोंड. पांढऱ्या मिशा, एक डोळा जरासा बारीक. खरं सांगू का, लई भारी दिसलं. पन मी ते कोनाला बोललो न्हाई.

आमच्या भागात एकाचा फोटू लागला की पुढं काय व्हतं हे मला ठाऊक असायला पायजे व्हतं. दुसऱ्या कोनाला न्हाई तरी मला!

दुपारी जनकाबाई, म्हंजी काकी आल्या. "दोन वर्षं पोरायला चहा कोनी केला? हे तर नुसते खाटेवर बसून राहायचे." लावला. संध्याकाळी सुदामचा बाप हरिचंद आला, ज्याच्या ट्रॅक्टरमदी ड्रम आनले व्हते. त्याला रामजीकाकाच्या बराबर साईज पायजे, एक सूत कमी न्हाई. हरिचंद लागला म्हनल्यावर तांड्याच्या नायकाला, बाबूसिंगला, वगळायची कोनाची छाती हाय? मंग शेजारच्या नर्मदाबाई आल्या. ह्या बाईनं दोन वर्षं बँडच्या नावानं बोटं मोडली. एकदा तर पोलिसाला फोन लावला व्हता.

"नर्मदाबाई, तुमचा काय संबंध?"

"संबंध? सगळ्यात जास्ती तकलीफ कोनाला झाली? माह्या कानाचे पडदे गेले! माहाच फोटू काहून न्हाई?"

तिचा बी लावला.

कॅसेटचं कव्हर केवढं, तळहाताएवढं. मी त्याला एक घडी वाढवली. मंग दोन. मंग चार. शुक्रवार संध्याकाळपर्यंत तेहतीस तोंडं झाली, आन कव्हर उघडलं की हातभर लांब लोंबायला लागलं. घडी घालून डबीत कोंबलं तर झाकन लागंना. कशीबशी कड कापून बसवलं, आन सगळ्यायला सांगून टाकलं, बस, आता एक घडी बी वाढनार न्हाई. शेवटच्या घडीवर अंगठ्याएवढी एक जागा उरली व्हती, तेवढीच.

प्रभू ते बघून रडकुंडीला आला. "शिवादादा, ह्याला पंक म्हनायचं का आता?"

"मला नको विचारू. तुह्या काकाला विचार."

राधिकानं सगळं उलटंपालटं करून बघितलं. "दादा, पन ह्याच्यात आमी कुठं हाओत?"

"तुमाला जागा न्हाई उरली," म्हनलं. ती हसत सुटली, आन प्रभू अजूनच चिडला.

शनिवारी दुपारी छपाईला बसलो. रामजीकाका छपाई बघायला म्हनून सकाळपासूनच स्टूल टाकून बसले व्हते. तेवढ्यात तांड्यावरली भागूबाई आली. नातवाचा फोटू घेऊन. नातू हसून राहिला, आन त्याच्या मागं एक बकरं हुबं.

"भागूबाई, नातवाचं काय काम बँडमदी?"

"नातू न्हाई रे. नातू काप, बकरं ठेव."

"आं?"

"औंढ्याच्या रोडला ट्रकखाली गेलं ना माहं बकरं! त्याचं कातडं सुदामनं नेलं, ढोलाला लावलं. दोन वर्षं बडवून राहिला त्याला. जित्तेपनी लेकरावानी वाढवलं व्हतं मी." आन बाईच्या डोळ्याला पानी.

मी विचार करत व्हतो, तर भायेर काळी गाडी थांबली. भाऊ!

भाऊचं नाव नुसतं भाऊच. नऊ वर्षांपासून 'भावी जिल्हा परिषद सदस्य' हायेत. त्यायचा 'भावी' मी एवढ्यांदा छापलाय की कंप्युटर 'भा' दाबलं की सोताहून पुढचं लिहितो. माह्या दुकानाचं निम्मं काम त्यायचं. पुढल्या महिन्यात वाढदिवस, त्याचे शंभरावर फ्लेक्स माह्याकडंच ठरलेले.

भाऊ दोन मान्सं घेऊन आत आले. मोबाईलवर कव्हराचा फोटू. कोनीतरी धाडला असनार.

"शिवहार, चार गावचे तेहतीस लोक एका कागदावर? आणि मला पत्ता नाही? अरे, निवडणूक तोंडावर आली!"

"भाऊ, हे आपलं गान्याचं..."

"गाण्याचं असू दे, कशाचंही असू दे. पन्नास नाही, हजार काढ. खर्च माझा. फक्त आपला फोटो घे."

मी शेवटच्या घडीवरली अंगठ्याएवढी जागा दाखवली. भाऊच्या मान्सानं ती बघितली आन हसला. भाऊ न्हाई हसले. त्यायनं कव्हराच्या पुढच्या बाजूला, बरोब्बर मधी बोट ठेवलं.

"इथं. ह्या म्हाताऱ्याला काढ."

म्हातारा तिथंच स्टुलावर बसलेला. भाऊनं वळखलं न्हाई. नऊ वर्षांत ह्याच म्हाताऱ्यानं त्यायच्या फ्लेक्सला बी वर्गणी दिली असन.

रामजीकाका उठले. फेटा नीट केला आन मला हळूच म्हनले, "काढ बाबा. भाऊचा लाव. माहं काय, छापलं काय न न्हाई छापलं काय. तुहं दुकान चाललं पायजे."

आन तिथंच माहं सटकलं. काकानं भांडन केलं असतं ना, तर मी कदाचित भाऊचं ऐकलं बी असतं, खोटं कशाला बोलू. वाढदिवसाचे शंभर फ्लेक्स डोळ्यापुढं नाचून राहिले व्हते. पन तो मानूस सोताच्या हातानं सोताचं तोंड पुसायला निघाला, तेबी माह्या दुकानासाठी. मला ते सहन झालं न्हाई.

"काकाचा फोटू न्हाई निघनार," मी म्हनलं.

"काय?"

"न्हाई निघनार, भाऊ. आन शेवटच्या घडीवरली जागा बी भरली आत्ताच."

"कोणी भरली?"

मी भागूबाईच्या हातातून फोटू घेतला, कैचीनं नातू कापला, आन बकरं भाऊच्या पुढं धरलं.

  भाऊच्या मान्सानं भाऊकडं बघितलं, भाऊनं बकऱ्याकडं.

"म्हणजे माझ्यापेक्षा हे बकरं मोठं झालं का रे तुला?"

"मोठं-ल्हान काय न्हाई भाऊ," म्हनलं. "बकरं बँडमदी हाय. तुमी न्हाई."

भाऊचं तोंड असं झालं, की नऊ वर्षांत त्यायचे एवढे फोटू छापले पन असा एक बी न्हवता माह्याकडं. जाता जाता दारात थांबले. "वाढदिवसाचं काम बाळापूरच्या फ्लेक्सवाल्याला देतो मी. बघतो तुझं दुकान कसं चालतं." गाडीचं दार एवढ्या जोरानं आपटलं की सुदामनं ऐकलं असतं तर रेकॉर्ड करून घेतलं असतं.

गाडी गेली.  भागूबाई बकऱ्याचा फोटू कुरवाळत हुबी. आन रामजीकाका माह्यावर असे भडकले, असे भडकले! दोन वर्षांत कधी आवाज न चढवलेला मानूस.

"अरे येड्या! सोताच्याच पोटावर पाय दिला तू! बायको-लेकराला काय खाऊ घालशीन? भाऊसंगं वैर घेतं का कोनी? तुला काय अक्कल? एक म्हातारा, एक बकरं, आन त्याच्यापायी शंभर फ्लेक्स घालवले! मी म्हनलो व्हतो ना काढ म्हनून!"

मी मान खाली घालून ऐकून घेतलं. बोलून बोलून त्यायला धाप लागली. स्टुलावर बसले. धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं, दाराकडं बघितलं, मंग माह्या जवळ सरकले आन एकदम बारीक आवाजात म्हनले,

"पन माहा फोटू राहिला ना?"

"राहिला, काका," म्हनलं, आन छपाई सुरू केली.