मागच्या बाकावरचा तास

ताईचं तरुणपण इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करण्यात गेलं. धुलाईघर बंद पडलं, बेकारभत्ता सुरू झाला आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी बाईसाहेबांना शाळा आठवली. परिचारिका व्हायचं म्हणे. मी म्हटलं, "आधी गुडघे सांभाळ." पण धाकट्या बहिणीचं ती कधी ऐकते!

घोडं पेंड खात होतं ते भत्त्यापाशी. शिकणाऱ्याला भत्ता मिळतो, पण अर्धवेळ शिकणाऱ्याला. आठवड्याचे तास मर्यादेपलीकडे गेले, की तुम्ही पूर्णवेळ विद्यार्थी आणि भत्ता बंद. सगळे विषय घेतले तर ताई मर्यादा ओलांडत होती. खिडकीवरच्या कारकुनानं तोडगा सांगितला, एक विषय पुढच्या वर्षावर ढकला. ताईनं शरीरशास्त्र ढकललं, कारण सगळ्यात अवघड तेच असणार अशी तिची खात्री होती.

प्रकरण इथंच मिटायचं. पण शरीरशास्त्राच्या मास्तरांना दया आली. निवृत्तीला टेकलेला भला माणूस. त्या रिकाम्या तासाला ताई बाहेरच्या पायऱ्यांवर डबा खात बसायची. एक दिवस त्यांनी हाक मारली, "अहो, गारठ्यात कशाला? मागच्या बाकावर येऊन बसा." ती बसू लागली. पुढं मास्तरांना वाटलं, बाई एवढं मन लावून ऐकतात, उद्या परीक्षेला हजेरी कमी पडायला नको. म्हणून ते गुपचूप तिची हजेरी लावत गेले. आता ती हजेरी थेट भत्त्याच्या कचेरीत जाते, हे त्या भल्या माणसाच्या गावीही नव्हतं. भत्ता थांबला.

सुनावणीला मी सोबत गेले. मास्तर कोट घालून साक्षीला आले होते. अधिकारी बाईंनी काही विचारायच्या आतच म्हणाले, "मॅडम, यांनी एक तास बुडवला नाही हो! अशी विद्यार्थिनी मी पाहिली नाही."

मी कपाळावर हात मारून घेतला.

अधिकारी बाई वाईट नव्हत्या, दमलेल्या होत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे बघा, नुसत्या आडोशाला बसत असाल, तर तो तास शिक्षणाचा धरता येत नाही. तुम्ही तिथं बसत होता, पण शिकत नव्हता. असंच ना?"

भत्ता गेला तर बाकीचं शिक्षणही गेलं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मी ताईला कोपरानं ढोसलं. मास्तरांच्याही डोक्यात उशिरा का होईना प्रकाश पडला. "हो हो, नुसत्या बसायच्या. माझ्या तासाला तसंही कुणाला काही कळत नाही," असं म्हणून ते एकटेच हसले.

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हो. मी काही शिकले नाही."

भत्ता पुन्हा सुरू झाला. अट एकच, त्या वर्गात पुन्हा पाऊल टाकायचं नाही. दारापाशी मास्तर म्हणाले, "बरं केलंत," आणि मागं न बघता निघून गेले.

मला तर हायसं वाटलं. "सुटलीस बाई एकदाची," मी म्हटलं. ताई फुटपाथवर थांबली. तिचा चेहरा बघून मला माझ्याच बोलण्याची लाज वाटली.

"बाकीच्या तासांना नुसती बसते गं मी," ती म्हणाली. "कळायचं ते तेवढ्याच एका तासाला."