पहिलीतल्या मुलाचं बेसिन

आमचं घर ज्या आर्किटेक्टनी बांधलं, ते नकाशा काढायच्या आधी टेप घेऊन घरच्या माणसांना मापत. त्यांनी बाबांना मापलं, आईला मापलं, ताईला मापलं आणि शेवटी मला. मी तेव्हा पहिलीत होतो. मग वरच्या मजल्यावर, एका ओळीत, ज्याच्या त्याच्या मापानं चार बेसिनं भिंतीतच बसवली गेली. वर चार आरसे.

"पोरगा वाढेल हो," आई म्हणाली होती.

"वाढला की वर घेऊ," आर्किटेक्ट म्हणाले.

पण मी वाढायच्या आत तेच इतके मोठे झाले, की आमच्याकडे फिरकायला त्यांना सवड होईना. पुढे ते वारले आणि आमचं घर सरकारदरबारी वारसा ठरलं. दारावर पाटी लागली. खिळा ठोकायचा तरी अर्ज.

बाबा गेले, आई गेली, ताई लग्न होऊन समुद्रापलीकडे गेली. मी मात्र सत्तरी उलटली तरी पहिलीतल्या मुलाच्या आरशात वाकून दाढी करत होतो. ताठ उभं राहिलं की त्यात पोट दिसे, आणि पोटाची दाढी करायची पद्धत नाही.

गेल्या महिन्यात तिथंच कंबर धरली. बराच वेळ बेसिनला नमस्कार घातल्यासारखा राहिलो. हाक मारायला हरकत नव्हती. ऐकायला कुणी नव्हतं.

बेसिन वर घेण्याचा अर्ज केला. वारसा समितीच्या बाई आल्या.

"अय्या, किती गोड!" माझ्या बेसिनपुढे उकिडव्या बसत त्या म्हणाल्या. "याला नाही हात लावता येणार."

"आणि माझ्या कमरेचं काय?"

"ती वारशात येत नाही, काका. अहो, पण ही तीन आहेत की! रिकामीच ना?"

"रिकामी कुठं? ते बाबांचं. ते आईचं. ते ताईचं."

बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि अर्ज फार हळुवारपणे नामंजूर केला.

संध्याकाळी ताईला फोन लावला.

"अरे वेड्या, बाबांच्या बेसिनवर धू की तोंड! ते काय आता ओरडणारेत?"

"आणि तू आलीस की..."

"मी? माझे गुडघे तो जिना चढणारेत होय रे? माझ्या बेसिनवर टॉवेल ठेव तुझे."

तिघांचे नळ मी दर आठवड्याला बाहेरून पुसून लख्ख ठेवतो, हे तिला सांगायचं राहूनच गेलं.

सकाळी बाबांचा नळ सोडला. तो आधी खोकला, मग गंजकं पाणी आलं, मग स्वच्छ. वाकावं लागलं नाही. साबण लावून मान वर केली, तर आरशात अगदी मधोमध, तोंडाला फेस लावलेले बाबा.

मी सवयीनं बाजूला झालो. टॉवेल खांद्यावर टाकून भिंतीला टेकलो, त्यांचं आटपेपर्यंत.

नळ वाहतच राहिला.