ऐकत नाही

दारावर कोण आलं ते कळावं म्हणून कुत्रा आणला, असं काकांनी काकूंना सांगितलं. खरं कारण असं, की काकू शाळेत शिकवायला गेल्या, की दारावरची बेल काकांना ऐकूच येत नसे. छापखान्याच्या खडखडाटात हयात गेली होती. पण हे कबूल केलं की कानाचं यंत्र आलं, आणि यंत्र आलं की म्हातारपण आलं. त्यापेक्षा कुत्रा बरा.

पिल्लू पांढरंशुभ्र, अंगावर शाई उडाल्यासारखे ठिपके, एक डोळा निळा. काका त्याला टिंब म्हणू लागले. मिक्सर लावला तरी टिंब ढिम्म. शेजाऱ्यांनी भिंतीला ड्रिल लावलं, तर त्याच भिंतीला टेकून ते घोरत पडलेलं.

"वाघाचं काळीज आहे," काका म्हणाले.

मग एकदा काकू किल्ली विसरून गेल्या. परत आल्यावर बेल दाबून दाबून बोट दुखलं, तेव्हा त्यांनी खिडकीतून डोकावलं. काका आणि वाघ सोफ्यावर एकमेकांना टेकून निवांत बसले होते.

दुसऱ्या दिवशी तिघं जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले.

"काय होतंय?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"ऐकत नाही," काकू म्हणाल्या.

"लहान आहे अजून. शिकेल."

"तसं नाही. ऐकत नाही म्हणजे ऐकूच येत नाही. आमच्याकडे दोन्ही प्रकार आहेत, मला फरक कळतो."

डॉक्टरबाई मागे गेल्या आणि त्यांनी एक स्टीलचा ट्रे फरशीवर टाकला. काकू दचकल्या. टिंब काकांचं बोट चावत होतं, ते चावत राहिलं. काकांनीही मान वळवली नाही. डॉक्टरबाई दोघांकडे आळीपाळीने बघत राहिल्या.

मग समोर येऊन त्यांनी सांगितलं, की अशा पांढऱ्या पिल्लांच्या कानात आत रंगाच्या पेशीच नसतात, त्यामुळे ऐकण्याच्या पेशी जन्मल्यावर थोड्याच आठवड्यांत मरतात. उपाय नाही. "हे आनुवंशिक असतं," त्या म्हणाल्या.

काकांना तेवढाच शब्द नीट पोचला. "आनुवंशिक कसलं? माझे वडील शेवटपर्यंत शेजारची कुजबुज ऐकायचे. माझं छापखान्यामुळे झालंय."

काकूंनी काकांकडे वळून पाहिलं.

"मी पिल्लाबद्दल बोलत होते," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"असू द्या, डॉक्टर," काकू म्हणाल्या. "या वाक्याची मी किती वर्षं वाट बघतेय."

घरी आल्यावर काकूंनी पिल्लू विकणाऱ्या बाईंना फोन केला. मग काकांच्या समोर बसून सावकाश बोलल्या, "त्या बदलून देतो म्हणतात. ऐकू येणारं देतील."

"आणि हे?"

"हे परत जाईल."

टिंब काकांची चप्पल तोंडात धरून झोपलं होतं. काकांनी त्याच्याकडे बघितलं. "ऐकू येत नाही म्हणून परत करायचं?"

"तुम्ही ठरवा. पण एकदा तसं करायचं म्हटलं, तर मला आणखी एक परत करावं लागेल."

"राहू दे मग," काका घाईने म्हणाले.

आठवड्याभरात कानाचं यंत्र आलं. दुसऱ्याच दिवशी टिंबाने ते चावून टाकलं. काका म्हणाले, बिचाऱ्याला माझ्याहून जास्त गरज होती. नवीन येईपर्यंत काकूंनी बेलला एक मोठा लाल दिवा जोडून घेतला. बेल दाबली की दिवा लागतो, आणि काका नि टिंब दोघं एकाच वेळी माना वर करून दाराकडे धावतात.

हल्ली चहा झाला की काकू दाराबाहेर जातात, बेल दाबतात आणि आत येऊन कप भरतात.