उजव्या अंगाची रेघ

मी एका जुन्या मोटारीच्या उजव्या अंगावरची रेघ बोलतेय. नीट मोजलं तर आम्ही दोघी आहोत: वर जाड, खाली बारीक, मध्ये तांदळाच्या दाण्याएवढी फट. पण नवरा-बायको मिळून लोक एकच घर मोजतात, तसं आम्हाला एकच रेघ मोजतात. मीही मग ‘मी’च म्हणते.

गाडी गडद हिरवी. मी सायीच्या रंगाची, आतल्या चामडी गाद्यांना जुळणारी. पुढच्या दिव्यापासून निघते, खिडकीखालून, दाराच्या मुठीपाशी जाऊन पुढे मागच्या दिव्यापर्यंत पोचते. डाव्या अंगाला माझी थोरली बहीण आहे. दिसायला आम्ही सारख्या. लोक जुळ्या समजतात. जुळ्या आम्ही नाही. ती कारखान्यात जन्मली, मी त्यानंतर एकवीस वर्षांनी एका गॅरेजात. हे आधीच सांगून टाकते, कारण माल कुठला आहे हे गिऱ्हाइकाला पहिल्यांदा सांगावं, मग गप्पा माराव्यात.

कारखान्याच्या गोष्टी मला थोरलीने सांगितल्या. तिथे रंग मारून झालेली गाडी रेघवाल्यासमोर यायची. हा माणूस लांब केसांचा कुंचला धरायचा, करंगळी पत्र्यावर टेकवायचा, श्वास रोखायचा आणि चालू लागायचा. दोरी नाही, पट्टी नाही. सात पावलांत रेघ पुरी. मगच गाडीला मुठी, चकचकीत पट्ट्या आणि आरसे बसायचे.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. कुणाला एकच रेघ, कुणाला दुहेरी, कुणाला रेघ नको, नुसती चकचकीत पट्टी हवी. एकाला रेघ हवी होती, पण शेजाऱ्यांना दिसायला नको होती. त्याला काळ्या गाडीवर काळी रेघ ओढून दिली. तो खूश, रेघवाला त्याहून खूश.

आमच्या गाडीचा पहिला मालक कापडाचा व्यापारी. तो खिशातून कापडाचा तुकडा काढून म्हणाला, ‘‘ही किनार बघा. वर जाड, खाली बारीक. माझ्या ठाणाला हीच असते. लोक किनार बघून माल घेतात. गाडीलाही हीच हवी.’’

रेघवाला म्हणाला, ‘‘आमच्या पुस्तकात अशी नाही.’’

‘‘मग पुस्तक दुरुस्त करा. गाडी मी घेतोय, पुस्तक नाही.’’

रेघ ओढली गेली. पुस्तक मात्र कुणी दुरुस्त केलं नाही. पुढे आमच्या नशिबी जो घोर आला, तो या आळसातून.

कापडवाल्यांची गाडी कायम एकाच मिस्त्रीकडे जायची. कमी बोलणारा, जास्त ऐकणारा माणूस. इंजिनावर कान ठेवून रोग सांगायचा. कापडवाले म्हणायचे, ‘‘डॉक्टर बदलीन, मिस्त्री बदलणार नाही.’’ त्यांची एकच अट होती: गाडीच्या बाहेरच्या अंगाला कुणी हात लावायचा नाही. लागला तर आधी सांगायचं.

मिस्त्रीची बायको पत्र्याच्या ट्रंका रंगवणाऱ्याची लेक. लग्नाआधी तिने बापाच्या दुकानात शेकड्याने ट्रंकांना काठ ओढले होते. गॅरेजात ती चहा, हिशेब, तक्रारी सगळं बघायची, आणि नवऱ्याच्या पाठीमागे लागून गाडी शिकायची.

एका दुपारी मिस्त्री सुटा भाग आणायला बाहेर गेला होता. अंगणात जागा करायची म्हणून तिने कापडवाल्यांची गाडी मागे घेतली. उजवीकडे पाण्याची दगडी टाकी होती. तिने डावीकडेच पाहिलं. असा काही करकराट झाला, की आतून तिची शाळकरी लेक धावत आली.

‘‘आई, काय झालं?’’

‘‘काही नाही. अभ्यास कर जा.’’

काही नाही म्हणजे मागच्या चाकावरचा पत्रा, दार आणि दारावरची पहिली रेघ, सगळं खरवडलं गेलं होतं. मिस्त्री आला, बघून मटकन खाली बसला. ओरडला नाही. तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

‘‘परवा न्यायला येणार आहेत,’’ एवढंच तो म्हणाला.

‘‘आपण सांगून टाकू.’’

‘‘काय सांगू? बायको गाडी शिकत होती, म्हणून तुमची गाडी घेतली?’’

त्याने पत्रा ठोकला, खळग्यांत लांबी भरली, घासला, हिरवा रंग बरोब्बर जुळवला. इथे घाईत एक चूक झाली. दाराची मूठ काढायची तर आतलं अस्तर उचकटावं लागतं. त्याला वेळ नव्हता. मुठीभोवती कागद चिकटवून त्याने तसाच रंग मारला. म्हणजे सगळं अंग नवं, आणि मुठीच्या बैठकीखाली बोटभर जागा जुनी, जुन्या रेघेच्या तुकड्यासकट. पुढे जाऊन तो तुकडा साक्षीला उभा राहील, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही.

रेघ ओढायला मिस्त्रीचा हात चालेना. तीनदा ओढली, तीनदा पुसली. मग बायको म्हणाली, ‘‘सरका.’’ तिने पदर खोचला, करंगळी टेकवली आणि श्वास घेतला. पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत ती एकदाही थांबली नाही. उजव्या अंगाला जुनी रेघ उरली होती तीही पुसून तिने मला सलग ओढलं, जोड दिसू नये म्हणून. मुठीपाशी कुंचला उचलला, पलीकडे टेकवला. असा माझा जन्म झाला.

कापडवाले आले. मापाच्या कापडावरून फिरवतात तसा त्यांनी माझ्यावरून अंगठा फिरवला. गॅरेजात कुणी श्वास घेत नव्हतं. ‘‘धुतलीत वाटतं,’’ म्हणाले आणि गेले. नवरा-बायकोत त्यानंतर या गोष्टीचा शब्द निघाला नाही. मी रोज समोर असताना दोघांनी तो कसा गिळला, त्यांचं त्यांना ठाऊक.

वर्षं गेली. कापडवाल्यांच्या मुलांना नव्या गाड्या हव्या होत्या. म्हाताऱ्याने जाताना ही गाडी मिस्त्रीच्या नावे केली, ‘‘त्याच्याशिवाय कुणाला चालू होत नाही,’’ म्हणून. मग मिस्त्रीही गेला. गॅरेज लेकीकडे आलं. बापासारखाच कान आणि आईसारखी जीभ. ती एक वाक्य अभिमानाने सगळ्यांना ऐकवायची: ‘‘माझे वडील सांगायचे, या गाडीच्या अंगाला कारखान्यानंतर हात लागलेला नाही.’’ आई तेवढ्यात उठून चहाचं बघायला जायची.

आता मुद्द्यावर येते.

जुन्या गाड्या जपणाऱ्यांचा एक संघ आहे. ज्या गॅरेजची स्वतःची गाडी त्यांच्या परीक्षेत ‘अस्सल’ ठरते, त्याचं नाव त्यांच्या यादीत लागतं. यादीत नाव म्हणजे वर्षानुवर्षांचं काम. लेकीच्या गॅरेजात तेव्हा दोन गाड्या उभ्या होत्या, त्यातली एक हीच. तिने अर्ज केला. अर्जासोबत लेखी हमी द्यायची: ‘बाहेरचा रंग, पट्ट्या व रेघा कारखान्यातल्याच आहेत.’ हमी खोटी निघाली तर त्या माणसाची गाडी संघ पुन्हा कधी दारात उभी करत नाही. या धंद्यात सगळे सगळ्यांना ओळखतात. एकाने दार लावलं की बाकीचे कडी घालतात.

परीक्षक सकाळी आला. हातात पुस्तक, कपाळावर चष्मा. आधी गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या, मग थोरलीसमोर थांबला.

‘‘ताई, या सालच्या गाडीला एकेरी रेघ असते. ही दुहेरी आहे.’’

‘‘पहिल्या मालकांनी मागून घेतली होती.’’

‘‘सगळे असंच म्हणतात. परवा एकाने गाडीवर मोर काढला होता, तोही मागून घेतलेला.’’

‘‘मोर मीही नापास केला असता,’’ लेक म्हणाली. ‘‘पण बघायचं कसं ते सांगा.’’

‘‘सोपं आहे. कारखान्यात रेघ आधी, मूठ नंतर. मूठ काढा. खाली रेघ असेल तर मी गप्प बसतो.’’

कोपऱ्यातल्या खुर्चीवर आई बसली होती. तिच्या हातातला कप बशीवर वाजला. लेकीने वळून पाहिलं नाही. मी पाहिलं.

डावीकडची मूठ निघाली. खाली थोरली होती तशी, जाड आणि बारीक, अखंड. परीक्षकाने चष्मा डोळ्यांवर घेतला, पुस्तकात पेन्सिलीने काहीतरी टिपलं आणि हसला. ‘‘चला, पुस्तक चुकलं. आता उजवी.’’

‘‘उजवी कशाला?’’ आई म्हणाली. ‘‘एक बघितली ना?’’

‘‘बाई, एका कानात डूल बघून दुसऱ्याची खात्री देता येते का?’’

लेक हसत हसत स्क्रूड्रायव्हर घेऊन माझ्याकडे आली. आतलं अस्तर उचकटलं. एक स्क्रू निघाला. दुसरा गंजलेला, तो हटेना. तेलाचा थेंब सोडून आम्ही सगळे वाट बघत राहिलो. आईचं तोंड पांढरंफटक. तिला वाटत होतं, खाली कोरा हिरवा पत्रा निघणार आणि बत्तीस वर्षांचं गुपित उघडं पडणार. मला माहीत होतं की खाली जुना तुकडा आहे. पण मला तोंड कुठलं? मी नुसती ताणलेली पडून होते.

स्क्रू फिरला. मूठ निघाली. खाली रेघ होती.

‘‘वा!’’ परीक्षक म्हणाला. चष्मा परत कपाळावर गेला. ‘‘अस्सल. आणा तो कागद, सही करा, मी शिक्का मारतो.’’

आईने डोळे मिटले. सुटलो, असं तिच्या खांद्यांकडे बघून कळत होतं. खरं सांगू? मलाही सुटल्यासारखं झालं. खोटा माल खपला की व्यापाऱ्याला जशी पहिली दोन मिनिटं गोड वाटतात, तशी.

पण लेक कागदाकडे गेली नाही. ती वाकून माझ्याकडेच बघत होती. बोटाच्या नखाने तिने मुठीच्या जागेची कडा चाचपली. तुकड्यातली जाड रेघ माझ्या जाड रेघेपेक्षा केसभर खाली होती. हिरव्या रंगालाही तिथे एक बारीक पायरी होती. परीक्षकाचा चष्मा कपाळावर, तिचे डोळे जागच्या जागी.

ती उभी राहिली. परीक्षक पेन पुढे करून उभा. तिने पेन घेतलं नाही.

‘‘आई,’’ ती म्हणाली, ‘‘इकडे ये.’’

आई आली.

‘‘ही कोणी ओढली?’’

‘‘ह्यांनी गाडी…’’ आईने सुरुवात केली आणि थांबली. गेलेल्या माणसाच्या माथ्यावर घालणं सोपं होतं. तो उलट बोलायला येणार नव्हता. ‘‘मी,’’ ती म्हणाली. ‘‘टाकीवर घासली तीही मी, आणि रेघ ओढली तीही मी. ह्यांनी रंग मारला. तू सहावीत होतीस.’’

‘‘आणि मी गावभर सांगत फिरतेय!’’

‘‘रोज वाटायचं सांगावं. तू इतकी ताठ मानेने बोलायचीस, जीभ उचलायची नाही.’’

‘‘आता उचलली ती कशी? परीक्षकांनी पास केली होती ना?’’

‘‘तू सही करणार होतीस म्हणून. माझं खोटं माझ्यापाशी होतं तोवर ठीक. तुझं नाव त्याखाली कसं घालू?’’

परीक्षकाने घसा खाकरला. ‘‘हे बघा, मूठ लावून टाका. मी काही ऐकलं नाही. मी जे बघितलं त्यावर शिक्का मारतो.’’

तो चांगला माणूस होता. चांगल्या माणसांनी दाखवलेली पळवाट फार रुंद असते. लेकीने पेन घेतलं. माझा जीव टांगणीला. तिने हमीचं ते छापील वाक्य आडव्या रेघेने खोडलं आणि खाली लिहिलं: ‘डावी बाजू कारखान्यातली. उजवी नंतरची, हाताने ओढलेली.’

‘‘मग ‘अस्सल’मध्ये घेता येणार नाही, ताई.’’

‘‘माहीत आहे.’’

‘‘यादीचंही माझ्या हातात नाही. मी फक्त कळवीन.’’

‘‘कळवा.’’

परीक्षकाने आता चष्मा नीट लावला, गुडघ्यावर बसला आणि मला या टोकापासून त्या टोकापर्यंत पुन्हा पाहिलं. ‘‘बाई, पट्टी लावली होती?’’

‘‘ट्रंकेला कोण पट्टी लावतं?’’ आई म्हणाली.

‘‘ओढणारीचं नाव लागेल कागदावर. सही करा.’’

मला ओढताना न थांबलेला तो हात सहीला चांगला दोनदा थांबला.

त्या दिवशी दोघी मायलेकी एकमेकींशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी चहावर भांडल्या. तिसऱ्या दिवशी लेकीने विचारलं, ‘‘मुठीपाशी केसभर वर कशी गेली गं?’’

‘‘तू आतून ‘आई, भूक लागली’ म्हणून ओरडलीस.’’

लेकीने मूठ परत बसवली. मला घासून सरळ करायचा विषय तिने काढला नाही, आणि मी तरी कशाला काढू?

सध्या मी प्रदर्शनात आहे, ‘दुरुस्त केलेल्या गाड्या’ अशी पाटी लावलेल्या शेवटच्या रांगेत. यादीचं पत्र अजून आलेलं नाही. येईल की नाही, सांगता येत नाही. लेक रोज दाराकडे बघते. इथे जागा अरुंद आहे, गाडीची एक बाजू भिंतीला लावावी लागते आणि एकच लोकांना दिसते. कुठली ते ज्याने त्याने ठरवायचं. लेकीने गाडी आत घेतली, पुन्हा बाहेर काढली, वळवली, आणि थोरलीला भिंतीकडे करून मला लोकांसमोर ठेवलं.

आलात तर जवळून बघा. बोट लावायला हरकत नाही, मात्र अंगठी काढून.